हजारांत तीनशें बहात्तर

माझ्या निरुपयोगी आवडींची यादी करूं लागलों तर आंकड्यांचे तक्ते वाचण्याची आवड तींत बरीच वर लागेल. ज्या गांवाला कधीं जायचें नाहीं त्या गांवाच्या गाड्यांचें वेळापत्रक मी तास न्‌ तास वाचूं शकतों. पावसाचें मान, जनगणनेचे गोषवारे, जुन्या क्रिकेटपटूंच्या सरासऱ्या, कांहींहि चालतें. दुपारीं कादंबरी हातांत घेऊन झोंपी जाणारे पुष्कळ आहेत. माझी आलेली झोंप तक्ता हातांत घेतला कीं उडते. घरांत याला व्यसन म्हणतात, आणि तें मी नाकारीत नाहीं. मात्र या व्यसनापायीं कोणाचा संसार बुडाल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

जन्मांत एकदांहि मैदानावर जाऊन बेसबॉलचा सामना न पाहिलेल्या मला टाय कॉब हें नांव आणि ३६७ हा आंकडा विद्यार्थिदशेपासून पाठ आहे, त्याचें कारण हेंच. तो मला एका जुन्या ज्ञानकोशवजा पुस्तकांत भेटला. क्रिकेटमध्यें सरासरी म्हणजे एका बादामागें किती धावा, हें आपण जाणतोंच. बेसबॉलमध्यें प्रश्न निराळा विचारतात. खेळाडूला टोला मारण्याच्या जेवढ्या संधी मिळाल्या, त्यांपैकीं कितींत तो स्वतःच्या टोल्याच्या बळावर पहिल्या ठाण्यावर किंवा त्याच्याहि पुढें सुखरूप पोंचला? पिचर, म्हणजे तिकडचा गोलंदाज, वाईट चेंडू टाकतो तेव्हां जी चाल फुकट मिळते ती या हिशेबांत धरीत नाहींत. उत्तर हजारांत मांडायचें. हजारांत तीनशें ज्याला साधले तो उत्तम फलंदाज. याचा अर्थ असा, कीं दहांतून सात वेळां हात हलवीत परत येणारा मनुष्य या खेळांत नामवंत ठरतो! इतकी उदारता जगांतल्या फारच थोड्या धंद्यांत असेल.

या हिशेबाची मुहूर्तमेढ रोंवण्यांत हेन्री चॅडविक नांवाच्या वार्ताहराचा मोठा वांटा आहे. हा गृहस्थ १८२४ सालीं इंग्लंडांत जन्मला, लहानपणींच अमेरिकेंत गेला आणि तेथें आरंभीं क्रिकेटचीं वार्तापत्रें लिहीत असे. क्रिकेटच्या वहींतली शिस्त त्यानें बेसबॉलच्या वहींत नेली. तेव्हां माझ्यासारख्या क्रिकेटच्या मुलखांतल्या माणसाला बेसबॉलचा तक्ता परका वाटत नाहीं, याला थोडेंबहुत ऐतिहासिक कारण आहे.

टाय कॉब १९०५ पासून १९२८ पर्यंत खेळला. निवृत्त झाला त्या वेळीं त्याची जन्मभराची सरासरी हजारांत ३६७ होती, आणि तीहून मोठी सरासरी कोणाचीच नव्हती. पुढें बेब रूथची कारकीर्द संपली, टेड विल्यम्स आला आणि ३४४ वर थांबला. कॉबचें नांव जागचें हललें नाहीं. अशी नांवें मनांत घरांतल्या जड लांकडी सामानासारखीं होऊन बसतात. त्यांच्याकडे आपण पाहत नाहीं, पण अंधारांत चालतांना त्यांचाच अदमास घेतों.

मे २०२४ मध्यें एके दिवशीं सकाळीं माझ्या भाच्याचा फोन आला. तो पिट्स्‌बर्गला असतो आणि संख्याशास्त्र शिकवितो. "मामा, तुमचा कॉब पडला," तो म्हणाला.

"कोणीं पाडला?"

"जॉश गिब्सननें. तीनशें बहात्तर."

"आतांचा कोणी पोरगा आहे काय?"

"नाहीं. वारून सत्त्याहत्तर वर्षें झालीं."

मेलेल्या माणसानें मेलेल्या माणसाला हरविल्याची ही वार्ता ऐकून, खरें सांगायचें तर, मला आनंद झाला नाहीं. घरांतलें जड सामान कोणी रात्रींतून हलविल्यासारखें वाटलें.

प्रकार असा होता. १९४७ पूर्वीं अमेरिकेंतल्या मुख्य लीगांत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता, म्हणून त्यांच्या निराळ्या लीग असत. तत्कालीन भाषेंत त्यांना 'नीग्रो लीग' म्हणत. १९२० ते १९४८ या काळांतल्या अशा सात लीगांना मुख्य लीगचा दर्जा असल्याचें तेथील मुख्य संघटनेनें डिसेंबर २०२० मध्यें मान्य केलें, आणि मे २०२४ मध्यें त्यांतल्या दोन हजारांहून अधिक खेळाडूंचे आंकडे अधिकृत तक्त्यांत दाखल केले. एका दिवसांत तक्त्याचा चेहराच बदलला. पहिला गिब्सन, दुसरा कॉब, तिसरा ऑस्कर चार्ल्स्टन. आधीं ज्या रॉजर्स हॉर्न्सबीला दुसरें स्थान होतें तो चौथ्यावर गेला. एका हंगामांतली सर्वोच्च सरासरी ह्यू डफीच्या नांवावर १८९४ पासून होती, हजारांत ४४०. ती जागा गिब्सनच्या १९४३ सालच्या ४६६ नें घेतली. संधीगणिक किती ठाणीं मिळविलीं याचा एक वेगळा हिशेब असतो. त्यांत बेब रूथचे ६९० होते, गिब्सनचे ७१८ निघाले.

भाचा वर्णभेदाचा कट्टर शत्रु आहे, पण संख्याशास्त्राशीं त्याचें नातें त्याहूनहि जुनें आहे. त्याला हा प्रकार रुचलेला नव्हता. त्याचें म्हणणें असें: कॉब तीन हजारांवर सामने खेळला आणि त्याला टोल्याच्या अकरा हजार चारशेंहून अधिक संधी मिळाल्या. गिब्सनचे हिशेबांत धरलेले सामने सहाशेंच्या आसपास, संधी बावीसशेंच्या आसपास. थोड्या संधींत कोणाचाहि आंकडा फुगूं शकतो. "कॉबचीं १९०९ ते १९१३ हीं पांचच वर्षें घ्या, मामा. एकूण एक वर्षीं तो ३७२ च्या वर आहे. १९११ सालीं तर ४२० ला टेकला होता. मग त्या पांच वर्षांचा कॉब पहिला कां नाहीं?"

हा युक्तिवाद मला फार आवडला. मनाला जें हवें असतें तें शास्त्राच्या तोंडून निघालें म्हणजे होणारा आनंद कांहीं वेगळाच! मीं तो माझ्या वहींत उतरून घेतला आणि त्याखालीं एक रेघहि ओढली. (या वहीला घरांत 'चित्रगुप्ताची वही' म्हणतात.)

पण वहीच्या सहवासांत इतकीं वर्षें काढल्यावर एक खोड लागते. रेघ ओढली कीं मनुष्य हिशेब पुन्हां तपासतो. कॉबचीं पांच वर्षें म्हणजे बावीस ते सव्वीसपर्यंतच्या ऐन उमेदीचीं वर्षें. गिब्सनचे सहाशें सामने मात्र १९३० पासून १९४६ पर्यंत पसरलेले. त्यांत अठराव्या वर्षीं नुकताच संघांत आलेला पोरगा आहे, आणि शेवटीं गुडघे गेलेला, डोकेदुखीनें बेजार झालेला चौतिशींतला माणूसहि आहे. एकाच्या आयुष्यांतला निवडक तुकडा दुसऱ्याच्या सबंध आयुष्याशेजारीं ठेवणें म्हणजे एकाच्या पोळीचा फुगलेला भाग दुसऱ्याच्या सगळ्या पोळीशीं ताडून पाहण्यासारखें आहे. शिवाय गिब्सन कॅचर होता. टोले मारून झाल्यावर तो उकिडवा बसून सगळा वेळ पिचरचे चेंडू झेलीत असे. या जागेवरच्या खेळाडूंचीं बोटें मोडतात, पाय थकतात, आणि बहुधा सरासरीहि उतरते. त्याच काळांतल्या गोऱ्यांच्या लीगमधले नामांकित कॅचर पाहिले तर मिकी कॉक्रेनची सरासरी ३२० आहे आणि बिल डिकीची ३१३. गिब्सनला बरोबरीच्यांत उभें करायचें तर माझ्या मतें आधीं या दोघांशेजारीं करावें. मग तीनशें बहात्तराचा अर्थ थोडा कळूं लागतो.

आणि सामने सहाशेंच कां? खेळ थोडा झाला म्हणून नव्हे. नीग्रो लीगच्या हंगामांत मोजदादीचे सामने साठ-सत्तरच्या घरांत असत. तेवढ्यावर संघाचें पोट भरत नसे. म्हणून हे संघ बसमध्यें बसून गांवोगांव हिंडत, स्थानिक चमूंशीं खेळत, प्रसंगीं दिवसांत दोन-तीन सामने करीत. तो सारा खेळ या हिशेबांत नाहीं. १९४० व १९४१ सालीं गिब्सन मेक्सिकोंत खेळला, तोहि नाहीं. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत १९७२ सालीं त्याची पाटी बसली, तिच्यावर जवळजवळ आठशें होमरनांचा उल्लेख आहे; अधिकृत तक्त्यांत ते पावणेदोनशेंच्याहि आंतच आहेत. म्हणजे ज्याला आपण थोडक्यांत फुगलेला आंकडा म्हणतों तो खरोखर पुष्कळशी छाटाछाट होऊन उरलेला आंकडा आहे. १९२० त नव्हे, २०२० त महामारीमुळें मुख्य लीगचा हंगामच साठ सामन्यांचा झाला. त्या वर्षींच्या सरासऱ्या अधिकृत तक्त्यांत बिनतक्रार बसल्या आहेत. भाच्याला मीं हें विचारलें तेव्हां तो नुसता हंसला.

आतां कॉबच्या आंकड्याविषयीं. हा आंकडा म्हणजे काळा पाषाण, अशी माझी बालपणापासूनची समजूत. या निमित्तानें खोलांत गेलों तों १९१० सालची एक मजेदार हकीकत हातीं लागली. त्या वर्षीं सर्वोच्च सरासरीच्या फलंदाजाला एका मोटारीचें बक्षीस होतें. कॉब आणि नॅप लाजवे यांच्यांत चुरस होती. कॉब इतका अप्रिय, कीं प्रतिस्पर्धी खेळाडूंनाहि लाजवे जिंकावा असें वाटे. हंगामाच्या अखेरच्या दिवशीं सेंट लुईच्या व्यवस्थापकानें आपल्या तिसऱ्या ठाण्याच्या खेळाडूला इतकें मागें उभें केलें, कीं लाजवेनें चेंडू हळूच समोर टाकावा आणि चालत चालत पहिलें ठाणें गांठावें. त्या दिवशीं दोन सामन्यांत मिळून त्याच्या नांवें आठ टोले जमा झाले! बोभाटा झाला, व्यवस्थापकाची नोकरी गेली, आणि तरीहि केसाएवढ्या फरकानें कॉब पहिला ठरला. मोटार-कंपनीनें शहाणपणानें दोघांनाहि एकेक मोटार दिली.

गोष्ट येथें संपली असती तर नुसती करमणूक झाली असती. पण पुढें सुमारें सत्तर वर्षांनीं एका संशोधकानें जुन्या वह्या उलगडल्या तों त्यांत कॉबचा एक सामना दोनदां लिहिलेला आढळला. दोन टोले जास्त धरले गेले होते. १९८१ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध झाली; तत्कालीन आयुक्तांनीं आंकडा बदलण्यास नकार दिला. म्हणून आजहि कांहीं तक्त्यांत कॉबचे टोले ४,१९१ आहेत, कांहींत ४,१८९. कोठें सरासरी ३६७ तर कोठें ३६६. माझ्या पाषाणाला हा असा तडा होता. आणि ही त्या लीगची वही, जिच्या प्रत्येक सामन्याला पगारी लेखनिक होता!

गिब्सनच्या सामन्यांना असा लेखनिक क्वचित्‌ असे. जें काय उरलें तें 'पिट्स्‌बर्ग कूरियर', 'शिकागो डिफेंडर' यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत. जागा अपुरी, तारेचा खर्च न परवडणारा; पुष्कळदां टोले छापले जात पण संधी छापल्या जात नसत. या ढिगाऱ्यांतून कांहीं चिकाटीच्या माणसांनीं, बहुतेकांनीं स्वतःच्या फुरसतीच्या वेळांत, एकेक सामना वेंचून काढला. त्यांच्या अजमासानें तीन-चतुर्थांश काम झालें आहे. एक-चतुर्थांश सामने अजून कोठें तरी पडून आहेत, नाहीं तर कायमचे गेले आहेत.

मीं एक साधें गणित केलें. बावीसशें संधींत हजारीं पांचांचा फरक म्हणजे अकरा टोले. गिब्सन आणि कॉब यांच्यामधलें अंतर एवढेंच आहे. अकरा टोले, आणि एक-चतुर्थांश वही गहाळ! ते टोले त्या गहाळ पानांत आणखी भर घालणारे असतील किंवा आहे त्यांतून वजा करणारे असतील, दोन्ही संभवतात. भाच्याचें म्हणणें येथें खरें आहे, आणि तें मीं त्याला मोकळेपणानें सांगितलें. परंतु त्याच श्वासांत त्याला असेंहि विचारलें, कीं हा संशय एकट्या गिब्सनच्याच पदरीं कां? कॉबनें आपल्या लीगच्या चोवीस हंगामांत एकाहि कृष्णवर्णीय पिचरचा चेंडू खेळलेला नाहीं. बेब रूथनेंहि नाहीं. सॅचेल पेज ऐन भरांत होता तेव्हां मुख्य लीगच्या फलंदाजांना मोजदादीच्या सामन्यांत त्याच्यासमोर उभें राहावें लागलें नाहीं. गिब्सनचा आंकडा अर्ध्या जगांतला असेल, तर कॉबचाहि अर्ध्याच जगांतला आहे. दोघांना बरोबरीचे म्हणण्यासाठीं दोघांनीं एका मैदानावर यायला हवें होतें. तें होऊं दिलें गेलें नाहीं, आणि तें न होऊं देण्यांत गिब्सनचा कांहीं हात नव्हता. आपण मात्र पुराव्याचें ओझें त्याच्याच डोक्यावर देतों.

या बंदीविषयीं एक गोष्ट मला विशेष चमत्कारिक वाटते. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतल्या लोकांना अर्पण केलें. गुलामांना दास्यमुक्त केल्याबद्दलचा तो गौरव होता. त्यानंतर अकरा वर्षांनीं, १८८४ सालीं, मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघाकडून उघडपणें मुख्य लीगमध्यें खेळत होता. म्हणजे दार आधीं उघडें होतें. तें मागाहून बंद झालें. कोठें लेखी नियम नाहीं, ठराव नाहीं. सभ्य माणसांनीं आपापसांत समजून घेतलें, एवढेंच. पुण्यांत बसून ज्यांनीं ती अर्पणपत्रिका लिहिली त्यांना हें वर्तमान कोणीं कळविलें असतें तर त्यांनीं काय म्हटलें असतें, हा विचार माझ्या मनांत पुष्कळदां येतो.

या समजुतीचा कारभार कसा चाले, पाहा. वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ मैदानावर तेथला गोऱ्यांचा संघ खेळे. तो दुसऱ्या गांवीं गेला कीं तेंच मैदान भाड्यानें गिब्सनच्या होमस्टेड ग्रेज संघाला मिळे. गवत तेंच, डाव्या बाजूची ती चारशें फुटांपलीकडची दूरची भिंतहि तीच. मालकाला भाडें चालत असे. १९४३ सालीं हजारांत ४६६ चा जो हंगाम झाला, त्यांतले कित्येक सामने गिब्सन याच मैदानावर खेळला. त्याच वर्षाच्या आरंभीं तो बेशुद्ध होऊन पडला होता आणि डोक्यांत गांठ असल्याचें निदान झालें होतें, असें त्याच्या चरित्रांत येतें. त्यानें शस्त्रक्रिया करून घेतली नाहीं.

तो मूळचा जॉर्जियाचा. कॉबहि जॉर्जियाचाच. कॉबचा जन्म १८ डिसेंबर १८८६ चा, गिब्सनचा २१ डिसेंबर १९११ चा. पंचवीस वर्षें आणि तीन दिवस. गिब्सनचे वडील पोलादाच्या कारखान्यांत काम मिळालें म्हणून पिट्स्‌बर्गला गेले आणि मुलगा तेथें वाढला. १९३० सालीं तो संघांत आला, त्याच वर्षीं त्याची तरुण बायको जुळ्यांच्या बाळंतपणांत गेली. त्याचा अंत झाला २० जानेवारी १९४७ रोजीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानांत उतरला आणि बंदी मोडली. मध्यें तीन महिनेहि पुरते गेले नाहींत. तक्त्यांत या अंतरासाठीं रकाना नाहीं.

गोऱ्या खेळाडूंपैकीं टेड विल्यम्सनें ही गोष्ट स्वच्छ बोलून दाखविली. १९६६ सालीं कीर्तिमंदिरांत स्वतःचा गौरव होत असतांना त्यानें गिब्सन आणि पेज यांचीं नांवें घेतलीं, आणि संधी न मिळालेले हे थोर खेळाडूहि एक दिवस येथें यावेत अशी इच्छा व्यक्त केली. पेज १९७१ त आला, गिब्सन १९७२ त. विल्यम्सची सरासरी ३४४. नव्या तक्त्यांत तो या मंडळींमुळें आणखी खालीं सरकला आहे.

मीं माझ्या वहींत दुरुस्ती केली. कॉबचें नांव खोडलें नाहीं. त्याच्या वरच्या मोकळ्या जागेंत गिब्सनचें लिहिलें. शिसपेन्सिलीनें लिहिलें, कारण ती एक-चतुर्थांश वही अजून सांपडायची आहे.

गेल्या खेपेस भाच्याचा फोन आला तेव्हां तो त्या दफनभूमींत जाऊन आला होता. अ‍ॅलेगेनी दफनभूमि त्याच्या घरापासून फार दूर नाहीं. गिब्सनच्या थडग्यावर १९७५ सालापर्यंत दगडहि नव्हता. आतां जमिनीलगत एक लहानसा आहे. त्यावर नांव, जन्माचें व मृत्यूचें साल, आणि ख्यातनाम बेसबॉल खेळाडू अशा अर्थाचे दोन-तीन शब्द. तो शोधायला त्याला पाऊण तास लागला.

"आणखी एक सांगायचें आहे, मामा," तो जरा ओशाळून म्हणाला. "ग्रंथालयांत 'कूरियर'चे जुने अंक पाहायला मिळतात. दोन शनिवार तेथेंच गेले."

"मग? कांहीं सांपडलें?"

"ग्रेजचा एक सामना सांपडला. गिब्सनचें नांव आहे. पुढें टोल्यांचा रकानाहि आहे."

"आणि संधींचा?"

"तो छापलेलाच नाहीं."